मुदतीचा सर्व्हर

लोक गणपतीआधी घराला रंग काढतात, तसे आमचे शेजारी अण्णा वर्तक वर्षातून दोनदा आपला कंप्युटर पुसून कोरा करायचे. अगदी आतून. जुनं काही म्हणजे काही ठेवायचे नाहीत. मग हातपाय धुऊन झोपाळ्यावर येऊन बसायचे आणि समोरच्या रस्त्याने जो कुणी जात असेल त्याला सांगायचे, "झालं. उद्यापासून नवं."

मला रेवदंड्याच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली म्हणून आम्ही चौलात राहायला आलो, तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडून एक उंच, किडकिडीत गृहस्थ मला म्हणाले, "बाई, काय बघायचं असेल ते शनिवारपर्यंत बघून घ्या. शनिवारी सगळं जाणार." एवढं बोलून ते पोफळींमध्ये दिसेनासे झाले. मी घाबरून नवऱ्याला सांगितलं, की शेजारची वाडी बहुतेक विकली, आता इथे मुंबईकरांचे बंगले उठणार. शनिवार आला आणि गेला. पोफळी होत्या तिथेच होत्या. रविवारी तेच गृहस्थ कोकमाच्या सरबताचा तांब्या घेऊन आमच्या दारात उभे. "नवं चालू झालं," म्हणाले. "या बघायला."

नवं म्हणजे सर्व्हर. अण्णा थळच्या कारखान्यात कंप्युटर विभागात होते. निवृत्त झाल्यावर बाकीच्यांनी आंब्याची कलमं लावली, एकदोघांनी पेटी शिकायला घेतली, अण्णांनी माजघरात, तांदळाच्या पिंपाशेजारी, एक सर्व्हर मांडला. सर्व्हर म्हणजे काय हे मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "पंगतीत वाढपी असतो ना, तसा. स्वतः जेवत नाही. ज्याने मागितलं त्याला वाढतो." हा वाढपी आमच्या आळीला काय वाढायचा, तर विहिरीतल्या पाण्याची पातळी, भरती-ओहोटीच्या वेळा, वीज कधी गेली, कधी आली, आणि वाडीतलं त्या दिवसाचं तापमान. कुणीही आपल्या मोबाईलवर बघावं. अण्णांकडे कामाला येणारी मंजुळा एकदा त्यांना म्हणाली, "अण्णा, हिरीत वाकून बघितला तरी पाणी दिसतंय की. त्याला डबा कशाला?" अण्णा तिला म्हणाले, "दिसतं. पण कळवत नाही."

आता या सर्व्हरमध्ये जे सॉफ्टवेअर लागतं ते मोठ्या परदेशी कंपन्या बनवतात, आणि ते घरच्या माणसाने विकत घ्यावं असं नसतंच. पण त्याच कंपन्या ते सहा महिने फुकट वापरून बघायला देतात. आवडलं तर घ्या, नाही तर मुदत संपली की ते बंद. जगभरचे लोक ही मुदत नुसती फुकटात खाऊन टाकतात. अण्णा मात्र त्यात लिहिलेलं सगळं खरं धरून चालत. कंपनीने तपासायला दिलंय ना, मग ते तपासायचं. सहा महिने बारकाईने वापरायचं, दोष काढायचे, गुण नोंदवायचे, आणि शेवटी कंपनीला शुद्ध, सरकारी वळणाच्या इंग्रजीत आपला अभिप्राय पाठवायचा. मुदत संपली की पत्र लिहून विचारायचं, की अजून काही मुद्दे तपासायचे राहिलेत, पुन्हा एकदा पाहू का. कंपनीकडून उत्तर यायचं, अवश्य. मग अण्णा कंप्युटर पुसायला घ्यायचे.

तुम्ही आम्ही मोबाईलवर काही घेतो तेव्हा ती लांबलचक अटींची यादी येते, आणि आपण डोळे मिटून "मान्य" दाबतो. अण्णा ती यादी वाचत. मोठ्याने, खुर्चीत ताठ बसून, पहिल्या शब्दापासून. एका दुपारी मी पेपर तपासत बसले होते, तर ते चष्मा हातात घेऊन कुंपणाशी आले.

"बाई, आपल्या आळीत कुणाकडे अणुभट्टी नाही ना?"

मी म्हटलं, "नसावी."

"नाही, तसं नसणारच. पण अणुभट्टीसाठी वापरणार नाही असं लिहून घेतायत. सही करण्याआधी विचारून घेतलेलं बरं." आणि ते शांतपणे परत गेले. थोड्या वेळाने समोरच्या झुबेदाभाभींकडेही विचारून आले असं नंतर कळलं.

अटींनंतर फॉर्म. तो फॉर्म लोक कसा भरतात ते सगळ्यांना माहीत आहे. नाव खोटं, नंबर खोटा. अण्णांनी संस्थेचं नाव लिहिलं "वर्तक वाडी". हुद्दा, "निवृत्त". कर्मचारी किती, या रकान्यात स्वतःला धरलं, मंजुळेला धरलं आणि नारळ उतरवायला अधूनमधून येणाऱ्या काशिनाथला अंशकालीन धरलं. फोन नंबर लिहिला घरातला, ओटीवरच्या लँडलाइनचा. आणि "दुसरा संपर्क" असं जिथे विचारलं होतं, तिथे मला न विचारता माझा मोबाईल नंबर दिला. मी रागावले तर म्हणाले, "अहो, मी झोपलो असलो आणि त्यांना काही तातडीचं असलं तर?"

परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसात बसलेल्या यंत्राने या फॉर्मवरून ठरवून टाकलं की वर्तक वाडी ही कोकण किनाऱ्यावरची एक होतकरू कंपनी आहे. मग तिथून फोन येऊ लागले. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोन नेहमी स्पीकरवर घेत, आणि त्यांची ओटी नि माझं मागचं दार यांत चार पोफळी आणि एक जास्वंद एवढंच अंतर. आळीतल्या कुणाहीपेक्षा मी ते फोन जास्त ऐकले आहेत. विकणारा माणूस गडबडीच्या इंग्रजीत विचारायचा, "सर, तुमचं सध्याचं इन्फ्रास्ट्रक्चर काय आहे?" अण्णा विचार करून सांगायचे, "दोन विहिरी, एक पंप. पाट सिमेंटचे केलेत. पलीकडची विहीर उन्हाळ्यात थोडी दगा देते."

आणि शेवटी तो प्रश्न यायचाच, की मग खरेदी कधी करणार. त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं. "अजून मत बनलेलं नाही."

हे उत्तर फक्त कंपन्यांसाठी नव्हतं. रस्त्यावर नवे गतिरोधक झाले, अण्णांचं मत बनलेलं नाही. मंजुळेची सोलकढी गेली कित्येक वर्षं ते रोज पितात, मत बनलेलं नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर तपासायला आले आणि म्हणाले, कसा वाटतो नवा गुडघा. अण्णा म्हणाले, "वापरतोय. कळवतो." त्यांच्या पत्नी सुमनकाकू होत्या तेव्हाची गोष्ट झुबेदाभाभी अजून सांगतात. काकू पान लावता लावता म्हणायच्या, "हे मला बघायला आले, पोहे खाल्ले, लग्न झालं, मुलगा झाला, तो विलायतेला गेला. पसंत आहे की नाही ते अजून कळवलेलं नाही." आणि अण्णा झोपाळ्यावर, पायाने हलकेच रेटा देत, ऐकू न आल्यासारखं करायचे.

काकू गेल्या त्यानंतरच्या वर्षी सर्व्हर आला. हे दोन्ही मी एकत्र जोडून कधी बघितलं नव्हतं.

तपासणीतला सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे लोड टेस्ट. एकाच वेळी पुष्कळ माणसांनी मागितलं तर वाढप्याची तारांबळ उडते की नाही, हे बघायचं. प्रत्येक नव्या मुदतीत एका रविवारी सगळी आळी अण्णांच्या ओटीवर जमायची. मंजुळा सरबत द्यायची. पायऱ्यांवर, कट्ट्यावर, झोपाळ्यावर दाटीवाटीने माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि अण्णा माजघराच्या उंबऱ्यात हात वर करून उभे. हात खाली आला की सगळ्यांनी एकदम विहिरीची पातळी उघडायची. झुबेदाभाभींचे यजमान कुवेतला नोकरीला. भाभी त्यांना फोन लावून सांगायच्या, "चला, उघडा आता." अण्णांच्या अहवालात त्यांची नोंद "परदेशस्थ वापरकर्ता" अशी होती. कुवेतमधला तो बिचारा माणूस आपल्या सुट्टीच्या दिवशी चौलातल्या विहिरीत किती पाणी आहे ते बघत बसायचा. भाभींनी एकदा मला सांगितलं, त्याला ते आवडतं. कधी कधी न सांगताही बघतो.

सर्व्हर सहसा पडत नसे. मग अण्णांचा चेहरा उतरायचा. भाभी त्यांची समजूत काढायच्या, "अण्णा, दिल छोटा करू नका. इन्शाअल्ला पुढच्या बारीला नक्की पडेल." आणि एकदा तो खरंच पडला, त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना दुसऱ्यांदा सरबत दिलं.

मला मात्र जास्त आठवतात ते मुदतीच्या अखेरीचे दिवस. सहा महिने संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उगवायची, की आता थोडेच दिवस उरले. आणि मुदत उलटली की यंत्र लगेच बंद नाही पडायचं. ते तासातासाला आपणहून मिटायचं. पुन्हा चालू केलं की पुन्हा तासभर जागं. अण्णा म्हणायचे, "डोळा लागतोय त्याचा." वर्षातल्या एका खेपेला ते दिवस नेमके मार्च-एप्रिलच्या दुपारचे असायचे. परीक्षा संपलेल्या, शाळा अर्धी. मी मागच्या दारात पेपरांचा गठ्ठा घेऊन बसायची. वाडीत पाणी सोडलेलं असायचं, ते पाटातून इतकं हळू सरकायचं की चालतंय की थांबलंय कळू नये. पोफळींच्या सावल्या लांब, बारीक, एकमेकींवर पडलेल्या. समुद्र दूर, पण वारा फिरला की त्याचा आवाज यायचा, नाही तर तो सर्व्हरच्या पंख्याचा असायचा, दोन्ही सारखेच. मग पंखा थांबायचा. इतकं शांत व्हायचं की झाडावरून सुपारी पडलेली ऐकू यावी. झोपाळ्यावर पेंगणारे अण्णा त्या शांततेने जागे व्हायचे, उठून आत जायचे, आणि पुन्हा तो घुमणारा आवाज सुरू व्हायचा. यंत्र जागं झालं की अण्णांना झोप लागायची. मलाही. उत्तरपत्रिकेतला त्रिकोण डोळ्यांसमोर विरघळत जायचा आणि मला वाटायचं, ही दुपार आता संपणारच नाही, आम्ही सगळे असेच अर्धवट जागे राहणार.

अशा नव्याजुन्या मुदतींच्या मध्ये कधी तरी स्नेहल आली. म्हणजे तिचा फोन आला. पहिल्यांदा इंग्रजीतच बोलली. अण्णांनी विहिरींची माहिती दिल्यावर बाकीचे लोक गप्प व्हायचे, ही हसली. मग सावरून मराठीत म्हणाली, "सॉरी सर. आमच्या घरची विहीर पण उन्हाळ्यात अशीच करते."

"तुम्ही कुठच्या?" अण्णांनी विचारलं.

"यवतमाळकडची, सर. आता पुण्यात असते. कंपनीचं काम बघते."

पुढच्या मुदतीत पुन्हा तीच, त्याच्या पुढच्यातही. वर्तक वाडीचं खातं तिच्याकडे आलं होतं. वरिष्ठांचा नियम असा, की तपासणीसाठी घेणाऱ्या प्रत्येकाला ठरावीक दिवसांनी फोन करायचा आणि खरेदीबद्दल विचारायचं. ती विचारायची, अण्णा मत बनलेलं नाही म्हणायचे, आणि तो भाग संपला की दोघं बोलायला लागायची. तिच्या खोलीतल्या मैत्रिणी, त्यातली एक गॅस चालू ठेवून जाते. अण्णांचा गुडघा. तिच्याकडच्या कापसाला आलेली बोंडअळी. आमच्याकडच्या सुपारीला आलेली गळ. ती इंग्रजीत मोठमोठ्या कंपन्यांपुढे बोलायला घाबरायची. एकदा म्हणाली, "उद्या मीटिंग आहे सर, मी तर कालपासून पाठ करून राहिली."

अण्णा म्हणाले, "माझ्यावर सराव करा."

"पण सर, तुम्ही तर घेणार नाही."

"ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. म्हणूनच सोपं जाईल. चला, करा सुरू."

आणि तिने चौलातल्या एका ओटीवरच्या लँडलाइनला आपलं संपूर्ण भाषण ऐकवलं. अण्णांनी मध्येमध्ये अवघड प्रश्न विचारले, कारखान्यातल्या त्यांच्या साहेबाच्या आवाजात. शेवटी म्हणाले, "विषय पक्का आहे तुमचा. पण तुम्ही 'बेसिकली' फार म्हणता. आणि वाक्य संपलं की थांबत नाही. थांबावं. समोरच्याला वाटतं, हिला घाई नाही, म्हणजे हिला येतंय." चार दिवसांनी तिचा फोन आला, की मीटिंग छान झाली. अण्णांनी त्या दिवशी मला कुंपणावरून पोफळीची दोन नवी रोपं दिली. कारण सांगितलं नाही.

एका पावसाळ्यात वादळ आलं आणि आळीतल्या तारा लोळल्या. लँडलाइन गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबर. "मॅडम, तुमचा नंबर वर्तक सरांच्या फॉर्मवर दुसरा संपर्क म्हणून आहे. सर बरे आहेत ना?" मी बाहेर बघितलं. अण्णा छत्री घेऊन पडलेल्या पोफळी मोजत हिंडत होते. मी म्हटलं, बरे आहेत. ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम. मी फक्त फॉलोअपसाठी केला होता." मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कंपनी चांगली आहे." आणि बराच वेळ माझ्या फोनकडे बघत राहिले.

अण्णांचा मुलगा निखिल कॅनडात असतो. चांगला मुलगा आहे. दर रविवारी फोन करतो. एका ऑक्टोबरात तो पंधरा दिवस आला होता, आणि नेमकी पुसण्याची वेळ. म्हातारा बाप माजघरात पाट घेऊन बसलाय, पाठ वाकलेली, एकेक ओळ पुन्हा टाइप करतोय, हे त्याने बघितलं. रात्रीच्या जेवणाला आम्ही तिथेच होतो. निखिल म्हणाला, "बाबा, किती वेळा तेच तेच करता." अण्णा म्हणाले, "तेच नसतं रे." निखिलच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं.

तो परत गेला आणि अण्णांच्या पंच्याहत्तरीला त्याने ते सॉफ्टवेअर विकत घेतलं. पूर्ण. कायमचं. वाढदिवसाच्या सकाळी तिकडूनच अण्णांच्या कंप्युटरचा ताबा घेऊन त्याने ते बसवलं. आम्ही सगळे पेढे घेऊन गेलो होतो. अण्णा नवा सदरा घालून पडद्यासमोर बसले होते, दोन्ही हात मांडीवर. पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता, खिडक्या उघडत होता, मिटत होता. फोनवरून निखिलचा आवाज येत होता, आनंदाने भरलेला. "झालं बाबा. आता कधी संपणार नाही. परत कधी पुसायला नको."

"छान केलंस," अण्णा म्हणाले. मग मुलाला कमी वाटेल म्हणून असेल, पुन्हा म्हणाले, "फार छान केलंस." झुबेदाभाभींनी त्यांना पेढा भरवला.

दोन दिवसांनी स्नेहलचा फोन आला. मी मागच्या दारात तांदूळ निवडत होते. "अभिनंदन सर. आता तुम्ही आमचे कस्टमर झालात."

"तुमच्या खात्यावर धरलं ना ते?" अण्णांनी आधी हे विचारलं.

"हो सर. धरलं." मग म्हणाली, "आता तुमचं अकाउंट सपोर्टकडे जाईल. म्हणजे काही तक्रार असेल तर त्यांना कळवायचं. मी फक्त ट्रायलवाले बघते."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "तसंच असायला हवं."

त्यानंतर फोन येणं थांबलं. हे आमच्या लक्षात यायला उशीर झाला, कारण बाकी सगळं नीट चाललं होतं. विहिरीची पातळी दिसत होती. यंत्र न थांबता घुमत होतं. लोड टेस्टची गरज नव्हती, त्यामुळे रविवारी ओटीवर कुणी जमलं नाही. मार्च आला, एप्रिल आला, पाटाचं पाणी तसंच सरकत होतं, पण दुपारी अण्णांना यंत्राने उठवलं नाही, आणि तरीही ते झोपलेले नसायचे. झोपाळ्यावर सरळ बसून समोर बघत असायचे. मंजुळा मला म्हणाली, "अण्णा जेवत न्हाय नीट. काय दुखतंय विचारला तर काय नाय बोलतात."

त्यांनी तक्रार शोधायचा प्रयत्न केला, हेही मला तिच्याकडूनच कळलं. दिवसच्या दिवस ते त्या सॉफ्टवेअरमध्ये दोष हुडकत होते. पण ते चांगलं होतं, आणि अण्णा खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. शेवटी मदतीच्या एका पानावर त्यांना स्पेलिंगची चूक सापडली. त्यांनी ती सविस्तर कळवली. उत्तर कुठल्या तरी यंत्राने पाठवलं, की आपली तक्रार नोंदवून बंद करण्यात आली आहे.

एका संध्याकाळी मी वाटीभर खरवस घेऊन गेले होते. फोन वाजला. पंच्याहत्तर वर्षांचा, नव्या गुडघ्याचा माणूस ज्या वेगाने उठला तो बघून मी वाटी हातातच धरून राहिले. पलीकडे क्रेडिट कार्ड विकणारी एक मुलगी होती. अण्णांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "तुम्ही कुठच्या?" फोन कट झाला. अण्णांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, त्याची गुंतलेली वायर सोडवत बसले.

मी विचारलं, "अण्णा, स्नेहलचा नाही आला फोन?"

"कशाला येईल? तिचं काम झालं."

"मग तुम्ही करा."

"काय म्हणून करू, बाई?" ते वायरकडे बघतच म्हणाले. "मी आता गिऱ्हाईक. माझा फोन बघितला की तिला वाटेल, काहीतरी बिघडलं. उगाच घाबरेल पोर." आणि मग थोड्या वेळाने, विषय बदलल्यासारखं, "सुमन असताना मी कधी फोन उचलला नाही. तीच बोलायची सगळ्यांशी. मला वाटायचं, एवढं काय बोलायचं असतं माणसांना."

घरी आल्यावर मी मोबाईलमध्ये मागे मागे जात वादळातला तो नंबर शोधून काढला. लागेल असं वाटलं नव्हतं. लागला. मी माझं नाव सांगायच्या आत तिने विचारलं, "मॅडम, सर बरे आहेत ना?"

मी म्हटलं, बरे आहेत, पण तुम्ही फोन का करत नाही?

तिने कुठलं तरी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दोनदा लावला होता मॅडम, आणि वाजायच्या आधीच कट केला. सर विचारतील, कशासाठी? मी काय सांगू? माझ्याकडे त्यांना विचारायला आता काहीच नाही. आधी तो एक प्रश्न तरी होता."

"प्रश्न राहू दे," मी म्हटलं. "नुसता करा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपार कलली होती, वाडीत ऊन तिरपं आलं होतं, आणि मी मागच्या दारात काही न करता बसले होते. ओटीवर फोन वाजला. या वेळी अण्णा सावकाश उठले. एव्हाना त्यांना सवय झाली असावी, कार्डवाल्यांची.

"वर्तक बोलतोय."

"सर, स्नेहल."

पोफळींतून वारा गेला. अण्णांचा आवाज आला तो थोडा घाईत, कारखान्यातल्यासारखा. "बोला, बोला. काही राहिलं का? सही वगैरे? निखिलला सांगू का?"

"नाही सर. सगळं झालंय."

"मग?"

"काम काही नाही, सर," ती म्हणाली. आणि थांबली. वाक्य संपल्यावर थांबावं तशी. "सहज केला."

मला वाटलं, लाइन गेली. मग अण्णा म्हणाले, "थांबा हं, खुर्ची आणतो." आतून एक जड लाकडी खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला, उंबऱ्याशी ती अडली, पुन्हा ओढली गेली. पलीकडे ती मुलगी वाट बघत होती. खुर्ची फोनजवळ टेकली.

"हं," अण्णा म्हणाले, "आता बोला. मला कसलीही घाई नाही."